‘डॅम’मध्ये पोहायचं की तिला चारा घालायचा? परदेशातल्या शेतीची भाषा समजून घेताना

न्यूझीलंडमधल्या एका डेअरी फार्मवर कामाला लागून जेमतेम आठवडा झाला होता. सकाळची धार उरकली होती. मॅनेजर क्वाड बाइकवरून जाता जाता ओरडला, “पिवळा टॅग लावलेल्या त्या दहा गायी एम्प्टी आहेत, वेगळ्या काढून ठेव.” एम्प्टी म्हणजे रिकामी. रिकामी म्हणजे पोट रिकामं असणार, असा सरळ हिशेब मी केला. दहाही जणींना वेगळं काढलं आणि फार्मवरच्या सगळ्यात उत्तम गवतात सोडलं. ते गवत दुभत्या कळपाच्या संध्याकाळच्या चराईसाठी राखलेलं होतं.

‘एम्प्टी’ म्हणजे गाभण न राहिलेली गाय. त्या दहा जणी त्याच आठवड्यात कत्तलखान्यात जाणार होत्या. मी त्यांना शेवटची मेजवानी दिली होती.

मला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. शेतीही येत होती. पण शब्द अनोळखी असला की आपण विचारतो, आणि ओळखीचा असला की विचारत नाही. माझ्या बहुतेक चुका दुसऱ्या प्रकारच्या होत्या. परदेशी फार्मवर कामाला किंवा शिकायला जाणाऱ्यांना, परदेशी व्हिडिओ पाहून प्रयोग करणाऱ्यांना आणि शेतीचा मजकूर भाषांतरित करणाऱ्यांना त्या टाळता याव्यात, म्हणून हे लिहिते आहे.

हाताशी काय ठेवायचं

- खिशात मावणारी वही. पाच रकाने आखा: शब्द, कोणत्या देशात ऐकला, तिथे अर्थ काय, मराठीत काय म्हणू, आणि कोणी सांगितला.
- फोनमध्ये एकक बदलणारं ॲप. ते इंटरनेटशिवाय चालतं का, हे आधी तपासा. फार्मवर रेंज नसते.
- बारा महिन्यांचा एक तक्ता. वरच्या ओळीत उत्तर गोलार्धाचे ऋतू, खालच्या ओळीत दक्षिण गोलार्धाचे.
- फोनचा कॅमेरा. जे नाव कळलं नाही त्या वस्तूचा फोटो काढा आणि संध्याकाळी विचारा.

1. आधी देश ओळखा, मग शब्द

व्हिडिओ किंवा लेख समोर आला की पहिला प्रश्न, बोलणारा कुठला? खुणा सोप्या आहेत. शरद ऋतूला ‘फॉल’ म्हणतो आणि उत्पादन ‘बुशेल’ या धान्याच्या मापात सांगतो, तर तो बहुधा अमेरिकेतला. शेताला ‘पॅडॉक’ आणि पिकअप गाडीला ‘यूट’ म्हणतो, तर ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंड. त्याच गाडीला ‘बक्की’ आणि मक्याला ‘मीली’ म्हणतो, तर दक्षिण आफ्रिका. पावसाळी बुटांवरूनसुद्धा कळतं. ब्रिटनमध्ये ते ‘वेली’, न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात ‘गमबूट’.

देश ठरल्याशिवाय शब्दकोश उघडू नका. शब्दकोश पाच अर्थ देतो आणि आपण त्यातला सोयीचा उचलतो.

2. जमिनीचे शब्द: आकाराचा अंदाज इथेच चुकतो

‘पॅडॉक’ ब्रिटनमध्ये घोड्यांसाठी राखलेला, घराजवळचा छोटा कुरणाचा तुकडा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये कुंपण घातलेलं कोणतंही शेत, मग ते अर्ध्या एकराचं असो की पाचशे एकरांचं.

‘स्टेशन’ म्हटल्यावर रेल्वे आठवते, पण ऑस्ट्रेलियात ते गुरांचं किंवा मेंढ्यांचं प्रचंड चराऊ क्षेत्र असतं. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं ॲना क्रीक हे स्टेशन 15 हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे. अमेरिकेत आणि कॅनडाच्या पश्चिमेत अशा जागेला ‘रँच’ म्हणतात, अर्जेंटिनात ‘एस्तान्सिया’. ऑस्ट्रेलियन शेतकरी आपल्या शेताला नुसतं ‘प्रॉपर्टी’ही म्हणतो. तो जमिनीच्या दलालीचा धंदा करतो असं समजू नका.

‘सेक्शन’ची गंमत पाहा. अमेरिकेत आणि कॅनडाच्या प्रेअरी भागात एक सेक्शन म्हणजे एक चौरस मैल, 640 एकर. न्यूझीलंडमध्ये सेक्शन म्हणजे घर बांधायचा प्लॉट. तिथला जुन्या पद्धतीचा ‘क्वार्टर एकर सेक्शन’ आपल्या हिशेबात दहा गुंठे होतो. उलट अमेरिकन माणसाचा ‘क्वार्टर सेक्शन’ म्हणजे 160 एकर. 1862 च्या होमस्टेड कायद्याने वसाहतीला निघालेल्या कुटुंबांना एवढीच जमीन देऊ केली होती. ऑस्ट्रेलियात मात्र ‘होमस्टेड’ म्हणजे स्टेशनवरचं मालकाचं घर, जमीन नव्हे.

लहान जमिनीचेही प्रकार आहेत. ब्रिटनमधलं ‘अलॉटमेंट’ म्हणजे भाजीपाल्यासाठी भाड्याने मिळणारा तुकडा, पारंपरिक आकार सुमारे 250 चौरस मीटर, म्हणजे अडीच गुंठे. स्कॉटलंडमधलं ‘क्रॉफ्ट’ ही छोटी कुळाची जमीन, आणि तिथल्या कुळांना 1886 च्या कायद्याने संरक्षण मिळालं आहे. म्हणून भाषांतरात क्रॉफ्टला ‘छोटं शेत’ म्हणून मोकळं होऊ नका, त्यात कुळाचा हक्क आहे. न्यूझीलंडचा ‘लाइफस्टाइल ब्लॉक’ म्हणजे नोकरी करून हौसेने केलेली शेती.

आणि ‘स्क्वॉटर’. बहुतेक ठिकाणी दुसऱ्याच्या जागेत घुसून राहिलेला माणूस. एकोणिसाव्या शतकातल्या ऑस्ट्रेलियावर वाचत असाल, तर हा शब्द हजारो मेंढ्या बाळगणाऱ्या श्रीमंत जमीनदारासाठी येतो. सुरुवात त्यांनीही घुसूनच केली होती, म्हणा.

3. पाणी आणि बांध

ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेत ‘डॅम’ म्हणजे शेततळं, त्यातल्या पाण्यासकट. अमेरिकन माणसाला त्या शब्दाने फक्त भिंत दिसते. तो तळ्याला ‘पाँड’ म्हणेल, आणि टेक्सासचा असेल तर ‘टँक’. शिवाय पशुपैदाशीच्या कागदावर ‘डॅम’ म्हणजे आई. नर ‘सायर’, मादी ‘डॅम’. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाने पैदाशीच्या नोंदवहीत ‘डॅम नंबर’ या रकान्यात शेततळ्याचा क्रमांक भरून ठेवला होता. तीन पानं.

‘क्रीक’ आपल्याला खाडी म्हणून माहीत आहे, तो ब्रिटिश अर्थ. अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात क्रीक म्हणजे ओढा, आणि ऑस्ट्रेलियात तर वर्षातले कित्येक महिने कोरडा.

बांध आणि चर यांचा घोळ सगळ्यात विचित्र आहे. इंग्लंडमध्ये ‘डिच’ म्हणजे चर. आयर्लंडच्या खेड्यात ‘डिच’ म्हणजे मातीचा उंच बांध, बहुतेकदा वर झुडपं असलेला. ‘डाइक’ स्कॉटलंडमध्ये दगडी गडगा, तर पूर्व इंग्लंडच्या सखल भागात पाण्याचा चर. एकच शब्द एकीकडे वर उचललेला, दुसरीकडे खाली खणलेला. ‘गाडी डिचशेजारी लाव’ असं कोणी सांगितलं, तर आधी जागा बघून या.

बोअरच्या बाबतीत मात्र आपण सुखी. ऑस्ट्रेलियातही ‘बोअर’च म्हणतात.

4. पिकांची नावं

इथे पाठांतराशिवाय इलाज नाही, पण चार-पाच नावं पक्की झाली की बरंच निभावतं.

‘कॉर्न’ अमेरिकेत मका. ब्रिटनच्या जुन्या वापरात कॉर्न म्हणजे कोणतंही धान्य, त्यातही इंग्लंडमध्ये गहू आणि स्कॉटलंडमध्ये ओट. 1815 ते 1846 या काळातले ब्रिटनचे प्रसिद्ध ‘कॉर्न लॉ’ धान्याच्या आयातीविषयी होते. त्यांचं मराठीत ‘मका कायदे’ झालेलं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

अमेरिकेतला ‘अल्फाल्फा’ आणि ब्रिटन-ऑस्ट्रेलियातला ‘ल्युसर्न’ एकच, आपला लसूणघास. अमेरिकी चाऱ्याचं अल्फाल्फा बियाणं नवं वाण समजून चढ्या भावाने घेण्याआधी हे आठवा. अमेरिकेत ‘मायलो’ म्हणजे ज्वारी. इंग्लंडमध्ये ‘स्वीड’ म्हणजे स्वीडनचा माणूस नाही, सलगमच्या जातीचं मोठं कंद आहे. अमेरिकेत त्याला ‘रुटाबागा’ म्हणतात.

‘कॅनोला’ आणि ‘ऑइलसीड रेप’ ही मोहरीच्या कुळातली तेलबी. कॅनोला हे नाव कॅनडात 1970 च्या दशकात पुढे आलं, तेलातलं इरुसिक आम्ल कमी असलेल्या वाणांसाठी. ब्रिटनचा शेतकरी अजून ‘रेप’च म्हणतो. लॅटिनमध्ये सलगमला ‘रापुम’ म्हणत, त्यावरून हा शब्द आला. भाषांतराच्या यंत्राने त्या पिवळ्या शेताचं काय केलं असेल, ते सांगायला नको.

‘पॅडी’ आपल्याकडच्या इंग्रजीत टरफलासकट भात, म्हणजे साळ. अमेरिकेत पॅडी म्हणजे भातखाचर, आणि साळीला ‘रफ राइस’. आकडे वाचताना टरफलासह की तांदूळ, हे बघितलं नाही तर उत्पादनाची तुलना साफ चुकते.

5. जनावरं: इथे घाई करू नका

माझा अनुभव असा, की पिकाचं नाव चुकलं तर लोक हसतात, जनावराचं चुकलं तर नुकसान होतं.

गायींपासून सुरू करू. ‘हाइफर’चं स्पेलिंग बघून उच्चार करू नका, तो ‘हेफर’ आहे आणि अर्थ कालवड. खच्ची केलेला, मांसासाठी वाढवलेला नर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात ‘स्टिअर’. ब्रिटनमध्ये त्यालाच ‘बुलक’ म्हणतात. आपल्याला बुलक म्हटल्यावर औताचा बैल दिसतो, आणि त्या बिचाऱ्याने आयुष्यात जू पाहिलेलं नसतं. ‘ड्राय काऊ’ म्हणजे आटलेली किंवा आटवलेली गाय. ती गाभण असते, पुढच्या वेताआधी तिला विश्रांती दिलेली असते. म्हणून ‘ड्राय’ आणि ‘एम्प्टी’ या दोन अगदी वेगळ्या गोष्टी. अमेरिकेत एम्प्टीऐवजी ‘ओपन’ म्हणतात. ‘ओपन काऊ’ म्हणजे दावणीतून सुटलेली गाय नव्हे. न्यूझीलंडमध्ये एखादी गाय ‘वर्क्स’ला गेली असं ऐकलं, तर ती कुठल्या कामावर गेलेली नसते. ‘फ्रीझिंग वर्क्स’ म्हणजे मांस प्रक्रियेचा कारखाना.

मेंढ्यांत वयाचे शब्द महत्त्वाचे. ‘लँब’ कोकरू, ‘हॉगेट’ साधारण वर्ष ते दोन वर्षांची मेंढी, ‘टू-टूथ’ म्हणजे पुढचे दोन कायमचे दात आलेली, ‘वेदर’ म्हणजे खच्ची केलेला मेंढा. हा ‘वेदर’ कानाला हवामानासारखाच लागतो. आणि ब्रिटनमध्ये ‘हॉग’ हा शब्द तरुण मेंढीसाठीही वापरतात, अमेरिकेत हॉग म्हणजे सरळ डुक्कर. ऑस्ट्रेलियात मेंढ्यांच्या कळपाला ‘मॉब’ म्हणतात. मॉब येतोय म्हटल्यावर पळू नका, फाटक उघडा. ‘मटण’ही जपून वापरा. आपल्या तोंडी ते बकऱ्याचं, तिकडे ते मोठ्या मेंढीचंच.

एक शब्द मुद्दाम शेवटी ठेवला, ‘ब्रेक’. न्यूझीलंडच्या फार्मवर ‘गायींना नवा ब्रेक दे’ म्हणजे विजेच्या तात्पुरत्या तारेने गवताचा पुढचा पट्टा खुला कर. ऑस्ट्रेलियात ‘ऑटम ब्रेक’ म्हणजे पेरणीजोगा पहिला चांगला पाऊस. ब्रिटनमध्ये ‘ब्रेक क्रॉप’ म्हणजे गव्हा-बार्लीच्या मध्ये फेरपालटीसाठी घेतलेलं पीक. सुट्टी यातल्या कशातच नाही.

6. मोजमाप: इथली चूक पैशात मोजावी लागते

बुशेल हे मुळात आकारमान, म्हणून त्याचं वजन पिकागणिक बदलतं. अमेरिकेत गव्हाचा बुशेल 60 पौंड (27.2 किलो), मक्याचा 56 पौंड (25.4 किलो), ओटचा 32 पौंड (14.5 किलो). मक्याचे एकरी 200 बुशेल म्हणजे साधारण 51 क्विंटल. तोच गुणक गव्हाला लावलात की चूक.

‘टन’ तीन प्रकारचे. अमेरिकेचा 907 किलोचा, जुना ब्रिटिश 1016 किलोचा, आणि मेट्रिक 1000 किलोचा. गॅलनही दोन, अमेरिकेचा 3.785 लिटर, ब्रिटिश 4.546 लिटर. फवारणीची मात्रा गॅलनमध्ये दिली असेल तर कोणता गॅलन हे पाहिल्याशिवाय औषधाची बाटली उघडू नका. जुने ऑस्ट्रेलियन शेतकरी पाऊस ‘पॉइंट’मध्ये सांगतात. 100 पॉइंट म्हणजे एक इंच, 25.4 मिलिमीटर. ‘रात्री 40 पॉइंट झाला’ म्हणजे जेमतेम 10 मिलिमीटर.

आता सगळ्यात मोठा सापळा, खताची पिशवी. आपल्याकडे आणि अमेरिकेत पिशवीवरचे आकडे नत्र, फॉस्फरस पेंटॉक्साइड आणि पोटॅशियम ऑक्साइड यांचे असतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ते शुद्ध मूलद्रव्याचे असतात. त्यामुळे आपलं 18-46-0 डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) तिथे 18-20-0 दिसतं. खत तेच, लिहिण्याची रीत वेगळी. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ‘इथलं डीएपी अर्ध्या ताकदीचं आहे’ असं मी ठामपणे घरी फोनवर सांगितलं होतं. हिशेब असा: ऑक्साइडच्या आकड्याला स्फुरदासाठी (फॉस्फरस) 0.44 ने, पालाशासाठी (पोटॅशियम) 0.83 ने गुणा, की मूलद्रव्याचा आकडा मिळतो. ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने ‘हेक्टरी 20 किलो पी’, म्हणजे फॉस्फरस, सांगितलं, तर आपल्या पद्धतीने ते जवळजवळ 46 किलो होतं.

मातीच्या सामूचंही (पीएच) तसंच. ऑस्ट्रेलियात तो बहुधा कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात मोजतात, आणि तो पाण्यात मोजलेल्यापेक्षा अर्धा ते एक अंकाने कमी येतो. अहवालात पद्धत लिहिलेली असते, ती ओळ वगळू नका.

दुधाचा दर विचारताना तर आकडा ऐकून चकित व्हायचं नाही. अमेरिकेत तो 100 पौंडांना, ब्रिटनमध्ये लिटरला पेन्समध्ये, न्यूझीलंडमध्ये किलो ‘मिल्क सॉलिड्स’ला, म्हणजे दुधातलं फॅट अधिक प्रथिन. तो एक किलो जमायला साधारण 11-12 लिटर दूध लागतं. दर लिटरचा समजून ‘तिकडे दुधाला केवढा भाव’ असे निरोप घरी पाठवणारे मी पाहिले आहेत.

7. महिने उलटे वाचा

‘स्प्रिंग काव्हिंग’ म्हणजे वसंतात गायी विणं. न्यूझीलंडमध्ये ते जुलै ते सप्टेंबरमध्ये येतं. तिथलं डेअरीचं वर्ष 1 जूनला सुरू होतं, आणि त्या सुमारास करार संपलेली कुटुंबं गुरं आणि सामानासह नव्या फार्मवर जातात. नोकरी शोधत असाल तर हे लक्षात ठेवा. मे महिन्यात अर्ज करायला बसलात, तर चांगल्या जागा गेलेल्या असतात. ऑस्ट्रेलियात गहू साधारण एप्रिल ते जूनमध्ये पेरतात, काढणी ऑक्टोबरपासून. अमेरिकेचा ‘विंटर व्हीट’ थंडीत पिकत नाही. तो शरदात पेरून पुढच्या उन्हाळ्यात काढतात. व्हिडिओत ‘मार्चमध्ये करा’ असं ऐकलं, की आधी तक्त्यात तो मार्च कोणत्या ओळीतला ते बघा.

8. यंत्रं आणि इमारती

थोडक्यात. ऑस्ट्रेलियात ‘हेडर’ म्हणजे अख्खं हार्वेस्टर, अमेरिकेत त्याचा फक्त पुढचा कापणीचा भाग. दुरुस्तीचा सुटा भाग मागवताना हे चुकलं तर हसू येणार नाही. अमेरिकेत ‘एलिव्हेटर’ म्हणजे धान्याचं उंच कोठार. ‘सायलो’ ऑस्ट्रेलियात धान्याचा, अमेरिकेत बहुधा मुरघासाचा, तिथे धान्याच्या कोठीला ‘बिन’ म्हणतात. ‘बार्न’ ब्रिटनमध्ये धान्य-गवताचं, अमेरिकेत जनावरंही त्यात. न्यूझीलंडमध्ये ‘काऊशेड’ म्हणजे गोठा नव्हे, दूध काढायची जागा. गायी मुक्कामाला कुरणातच असतात. आणि तिथे ‘डेअरी’ म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान. ‘डेअरीतून ब्रेड आण’ असं सांगितल्यावर धारेच्या शेडमध्ये ब्रेड शोधणारी मी पहिली नसणार.

9. माणसांत वावरताना

‘टी’ला बोलावलं तर वेळ विचारा. न्यूझीलंडमध्ये आणि उत्तर इंग्लंडमध्ये ते संध्याकाळचं जेवण असतं. ‘स्मोको’ म्हणजे कामाच्या मधली चहाची सुट्टी, सिगारेट ओढा वा न ओढा. ‘ब्रिंग अ प्लेट’ म्हटलं तर रिकामी बशी नेऊ नका, त्यात चारजणांना पुरेल असं काहीतरी करून न्या. मी रिकामीच नेली होती, आणि तीही अगदी स्वच्छ घासून.

फाटकाचा नियम सगळीकडे सारखा: उघडं होतं तर उघडं, बंद होतं तर बंद. पण कुंपण ओलांडायचे नियम सारखे नाहीत. स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने जबाबदारीने वागण्याच्या अटीवर बहुतेक जमिनीवरून चालत जाता येतं. इंग्लंडमध्ये मुख्यतः ठरलेल्या पायवाटांवरून. अमेरिकेच्या कित्येक राज्यांत झाडावर किंवा खांबावर जांभळ्या रंगाचा पट्टा असेल तर त्याचा अर्थ ‘आत येऊ नका’, पाटी असो वा नसो.

न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाच्या ग्रामीण पत्त्यातला घर क्रमांक म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, दहा मीटरच्या हिशेबाने. 1530 म्हणजे 15.3 किलोमीटर आत. त्यापुढचा न्यूझीलंडचा ‘आरडी 2’ हा टपालाच्या फेरीचा क्रमांक आहे, गल्लीचा नाही. पहिल्या दिवशी मला हे कोणी सांगितलं असतं, तर ‘दीड हजार घरांचं गाव’ शोधत मी बॅग घेऊन फिरले नसते. तिथे चार घरं होती.

10. विमानतळावर खरं सांगा

ऑस्ट्रेलियात उतरताना गेल्या 30 दिवसांत शेत किंवा शेतातल्या जनावरांशी संबंध आला का, असं विचारतात. शेतावरून येणाऱ्या माणसाला ‘नाही’ लिहायचा मोह होतो. ‘हो’ लिहा. फार तर बूट तपासतात, धुऊन देतात. न्यूझीलंडमध्ये जाहीर करायची वस्तू लपवलेली सापडली तर जागेवरच 400 डॉलर दंड बसतो. बुटाच्या तळव्यातली माती निघायच्या आदल्या रात्री जुन्या टूथब्रशने काढा, खाचांमधलीसुद्धा. बियाणं, चारा, पेंडीचे नमुने बॅगेत टाकू नका, कितीही थोडे असले तरी.

11. विचारायचं कसं

‘याचा अर्थ काय?’ असं विचारलं की लोक दुसरा तसाच शब्द सांगतात. ‘एम्प्टी म्हणजे?’ ‘अगं, नॉट इन काफ.’ त्यापेक्षा ‘मग या गायींचं आता काय करायचं?’ असं विचारा. उत्तरात काम येतं, आणि कामावरून अर्थ कळतो. आकडा असेल तर आपण समजलेला आकडा त्यांना परत ऐकवा: “म्हणजे हेक्टरी 20 किलो, शुद्ध फॉस्फरस, बरोबर?” वहीतला पाचवा रकाना याचसाठी आहे. अर्थ कोणी सांगितला ते लिहिलेलं असलं, की पुढे घोळ झाल्यावर कोणाकडे परत जायचं हे माहीत असतं. माझ्या वहीत ‘डिच’पुढे दोन नावं आहेत, एक आयरिश, एक इंग्लिश, आणि दोघंही आपलंच बरोबर म्हणून अडून बसले होते.